मधली चौकट

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

गणपती गेले, मांडव उतरला, आणि आज मंडळाच्या बैठकीत मला गुंडाळायचा बेत उघडा पडला. शालीत गुंडाळायचा. दिवाळीतल्या रांगोळी प्रदर्शनात यंदा माझा सत्कार करणार म्हणे. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि बसायला गुबगुबीत खुर्ची. "काका, यंदा तुम्ही मार्गदर्शक. आरामात बसा, पोरांना काय ते सांगा," असं जान्हवी म्हणाली आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या इतक्या झटकन वाजल्या की सगळं आधीच ठरलंय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी विचारलं, "आणि मधली चौकट कोण काढणार?"

"ती सगळे मिळून काढू ना, काका."

सगळे मिळून! 'एक चौकट, एक हात' हा नियम या मंडळात कुणी केला? मीच. दोन हजार चार साली एकाने भावाकडून चित्रामागची रंगाची जमीन भरून घेतली म्हणून त्याची अख्खी चौकट मी उद्घाटनाच्या दिवशी बाद केली होती. बाप्या माणूस रडला, तरी केली. आणि आता मलाच सांगतात, सगळे मिळून.

पुढेमागे कुणी म्हणेल, मेस्त्री आपणहून बाजूला झाला. म्हणून आजपासून लिहून ठेवतो. मी राजाराम मेस्त्री, वय एकाहत्तर, मुक्काम विक्रोळी, कंपनीच्या पेंट शॉपमध्ये चौतीस वर्षं शेड मॅचिंग केलं. करड्याच्या सोळा छटा मी नुसत्या बघून सांगत असे. हे प्रदर्शन एकोणीसशे नव्याण्णवमध्ये मी आणि जयवंत परबने सुरू केलं. जयवंत माझ्याच खात्यातला. जागा महापालिकेच्या शाळेचा हॉल. पहिल्याच वर्षी पंख्याचं बटण कुणी दाबू नये म्हणून तो बाकावर चढून त्यावर चिकटपट्टी लावत होता, तो बाक कलंडला आणि याचा समोरचा दात गेला. रक्त पुसत म्हणाला, "दात गेला चालेल रे, चित्र उडता कामा नये." त्या दिवसापासून चिकटपट्टी लावल्याशिवाय आमच्यात कुणी चाळणीला हात लावत नाही.

जयवंत मार्चमध्ये गेला. जान्हवी त्याचीच मुलगी. पवईला ऑफिसात आहे, मंडळाची सेक्रेटरी आहे, आणि रांगोळी तिला मी शिकवलीय. दाराच्या बरोबर समोर असते ती मधली चौकट सत्तावीस वर्षं माझी आहे. यंदा तिथे जयवंत येणार, आणि तो मी काढणार. असं मी सांगितलं आणि चहा न पिता उठून आलो.

९ सप्टेंबर

मालनला सगळं सांगितलं. वाटलं होतं ही तरी माझ्या बाजूने चिडेल. बाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बसा मगे खुर्चेर. वायट काय आसा त्याच्यात?" घरातच असे फितूर.

१४ सप्टेंबर, रविवार

रंग आणायला घाटकोपरला गेलो. बसचे नंबर हल्ली फार बारीक लिहितात, दोन बस सुटल्या.

दुकानदार तरुण आहे, बापाची जागा घेतलीय पण बापाची नजर घेतलेली नाही. मी काळ्याच्या पोत्याकडे बोट दाखवून दोन किलो सांगितला तर म्हणतो, "काका, हा नेव्ही ब्लू आहे. काळा पलीकडे." मी म्हटलं, बाळा, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी रंग ओळखतो, मुकाट्याने तोल. तोलला त्याने. बाकी माल सगळा भेसळीचा निघाला. पिवळा मातकट, पांढरा सायीसारखा. पूर्वी पांढरा कसा डोळ्यात जायचा. आता कशातच दम राहिलेला नाही.

घरी डबे भरले. मालन म्हणाली, "डब्यांर नावां लिवया?" तीस वर्षं माझे डबे ठरलेल्या क्रमाने लागतात, नावं कशाला? तिला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सुबोधने कांदिवलीहून फोन करकरून डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, इथेच, स्टेशनजवळ. पोराला वाटतं मला मोतीबिंदू आहे. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. शिवाय आमच्या मजल्यावरच्या कदमांचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरने त्यांना काही आठवडे वाकायला मनाई केली होती. रांगोळी काय उभ्याने काढतात? दिवाळी तोंडावर आलीय.

मी घरातून निघालो, बसस्टॉपच्या बाकावर तासभर बसलो, शेंगदाणे खाल्ले आणि परत आलो. सांगितलं, डॉक्टर नव्हते. मालनने माझ्याकडे बघितलं आणि नुसतं "बरां" म्हणाली. रात्री सुबोधनेही फोनवर नुसतं "बरं" म्हटलं. दोघांनीही एवढ्यात पिच्छा सोडला हे एक चांगलं झालं.

२ ऑक्टोबर, दसरा

चाळण्या, चमचे, सुतळी, रंगांचे डबे मांडून पूजा केली. मालनने पाटाभोवती रांगोळी काढली, नेहमीसारखी नुसती पांढरी. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, बाई रोज सकाळी दारात गेरूवर पांढरी रांगोळी काढते, एकदाही रंग घातलेला नाही. मी तिला रंगांबद्दल किती वेळा सांगून पाहिलं. तिचं एकच, "रंग घातलो की चूक झाकता." आज मी गमतीने म्हटलं, तुझ्या रांगोळीला मंडळात कुणी चौकट देणार नाही. ती म्हणाली, "माका खय होयी हा?"

दिवाणखान्यातला दिवा कुणीतरी बदललाय, नवा मोठा आहे. त्याच्याभोवती कडं दिसतं. स्वस्तातला असणार.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून हॉल ताब्यात. वीस चौकटी आखल्या. पंख्यांच्या बटणांवर चिकटपट्टी जान्हवीने लावली, बाकावर चढून. खाली मी बाक धरून उभा होतो. दोघांनाही एकच आठवत होतं.

नंतर मात्र तिने विषय काढलाच. "काका, तुम्ही नाराज नका होऊ. सत्काराचं बॅनर छापून आलंय. तो कोपरा तुमच्या खुर्चीसाठी ठेवलाय."

"खुर्चीत मी बसणार नाही."

"काका, ऐका ना जरा."

"तुझ्या बापाने कधी मला बस म्हटलं नाही."

हे बोलायला नको होतं. तिचे डोळे भरले. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. मी फोटोवर सुताने चौकोन आखले आणि कामाला लागलो. फोटो जान्हवीनेच दिलाय, जयवंताचा, निवृत्तीच्या दिवशीचा. तपकिरी शर्ट, ओठ मिटलेले, साहेब दिसतो. चार फूट बाय तीन फूट. संध्याकाळपर्यंत कपाळ, नाक आणि डोळे झाले. डोळे जमले. माझ्याकडे जयवंत ज्या तऱ्हेने बघायचा तसेच जमले.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल आणि आज मिळून केस, भुवया, शर्ट, गळ्याखालच्या सावल्या. अर्धा डबा काळा गेला आणि जवळजवळ सगळा चॉकलेटी. हात सरसर चालत होता. उभा राहून पाहिलं, समाधान झालं.

आजूबाजूच्या चौकटीवाले मात्र विचित्र वागले. एकेक जण आला, बघितलं आणि काही न बोलता गेला. सई म्हणून एक नवी मुलगी आहे, ती "काका, मॉडर्न आर्ट आहे का?" असं विचारायला लागली, तर जान्हवीने तिला हाताला धरून बाजूला नेलं. जान्हवी स्वतः चौकटीपाशी कितीतरी वेळ उभी होती. मी विचारलं, कसा वाटतो बाबा? म्हणाली, "डोळे एकदम बाबांचे." बास, एवढंच. बापाचं चित्र बघून पोरीच्या तोंडून दुसरा शब्द फुटेना, इतकं ते साधलंय.

घरी आल्यावर मालनने माझी बाही धरून उजेडात नेली. "ह्यां निळां कसला लागला हा?"

"काळं आहे ते."

ती बराच वेळ बाही हातात धरून होती. मग म्हणाली, "उद्या दुपारी जेवान जरा पडा. थकल्यात तुमी."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मालनच्या हट्टामुळे दुपारी दीडला घरी आलो, जेवलो आणि झोपलो ते पाचला उठलो. तिने उठवलंच नाही. धावतपळत हॉलवर गेलो तर जान्हवी माझ्या चौकटीजवळ. आज म्हणे हाफ डे घेतला. बोटांची नखं काळी, ओढणी कमरेला खोचलेली. मी ओरडलो, ओढणी सांभाळ, पदर-ओढणीच्या वाऱ्याने चौकटी जातात, किती वर्षं सांगतोय? "सॉरी काका," म्हणाली. थकलेली दिसत होती पोर. तिची स्वतःची मोराची चौकट अजून अर्धवट आहे. ऑफिस संभाळून दुसऱ्यांच्या भानगडी करत बसते, मग वेळ कुठून पुरणार?

माझं चित्र आज जास्त चांगलं वाटलं. पूड एक दिवस बसली की रंग दबतो आणि खरा भाव वर येतो. हे अनुभवाने कळतं, शिकवून नाही.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

आज शेवटचा हात फिरवला, आणि उजव्या कोपऱ्यात कागदाच्या पुडीतून पांढऱ्याने नाव घातलं. राजाराम मेस्त्री. लोकांचं कौतुक आज ऐकावं! परवा गप्प असलेले आज फोटो काढत होते. शेजारच्या चौकटीवाल्याने तर पायाला हात लावला. मी म्हटलं, सत्कार हा असा असतो, खुर्चीत बसवून नव्हे. जान्हवी ऐकत होती. हसली.

मार्गदर्शक म्हणे!

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

मला आज लिहायला जमणार नाही असं वाटलं होतं. पण खोटं लिहायचं नाही हे पहिल्या दिवशी ठरवलंय.

सकाळी हॉलमध्ये माझे डबे आवरायला गेलो. बाकाखाली एक पिशवी सापडली, किलोभर तरी पूड भरलेली. सगळी मिसळ झालेली. अशी पूड चौकट पुसल्यावर गोळा होते, शेवटच्या दिवशी. उद्घाटनाच्या आधी कुणाचं काय पुसलं? शाळेचा शिपाई झाडू मारत होता, त्याला विचारलं. तो सहज म्हणाला, "तुमचंच की. ताई परवा दुपारी चमच्याने काढत होत्या. केस सगळे खरवडून काढले, शर्ट पण. मग परत भरलं. लय मेहनत घेतली बघा त्यांनी."

मी पिशवी घेऊन घरी आलो आणि मालनसमोर ठेवली. "हा कुठला रंग?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "निळो," म्हणाली. "आणि जांभळो."

आमच्या कंपनीत दरवर्षी शेड टेस्ट असायची. वीस छटा, खाली आकडे, वीसपैकी एकोणीस आले नाहीत तर खात्यातून बदली. चौतीस वर्षांत माझे वीसच्या खाली कधी आले नाहीत. मी मालनला म्हटलं, माझी टेस्ट घे. ती नको म्हणाली. मी म्हटलं, घे. मग तिने वीस कागदांवर चिमूट चिमूट रंग ठेवला, मागे आकडे टाकले, आणि मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून एकेक सांगत गेलो. ती लिहीत गेली. शेवटी तिने मोजले.

अकरा.

मी परत मोजायला लावले. अकराच आले. निळ्याला काळा म्हटलं, जांभळ्याला चॉकलेटी, फिकट पिवळ्याला पांढरा. म्हणजे घाटकोपरच्या त्या पोराने मला बरोबर सांगितलं होतं, आणि मी त्याला त्याच्या दुकानात उभं करून झापलं.

तेव्हा मालनने सगळं सांगितलं. श्रावणापासून तिला ठाऊक होतं. सुबोधला, जान्हवीलाही. "डॉक्टराकडे तुमी जावक नाय तां माका त्याच दिवशी कळला. खिशात शेंगांची टरफलां होती." सत्काराची कल्पना तिचीच. खुर्चीत बसलो तर मी वाकणार नाही, वाकणार नसलो तर ऑपरेशन दिवाळीआधी उरकता येईल, असा हिशेब. मी शाल नाही म्हटल्यावर जान्हवीने निदान चित्राची शोभा होऊ नये म्हणून अख्खी दुपार घालवली. स्वतःच्या बापाचे निळे केस चमच्याने खरवडले पोरीने. मला झोपवून.

मला लाज वाटली. पण लाजेहून जास्त राग आला, आणि तो अजून आहे. मला हे तोंडावर सांगायला कुणाची काय हरकत होती? मी ऐकलं नसतं, खरं आहे. तरी सांगायला हवं होतं. माझ्या चौकटीत दुसरा हात फिरला आणि मी खाली माझं नाव घालून लोकांकडून पाया पडून घेतलं. दोन हजार चारच्या त्या माणसाला निदान आपण काय केलं हे माहीत होतं.

सुबोधला फोन केला. म्हटलं, घे तारीख. चार नोव्हेंबर मिळाली. तोवर वाकायला मला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळी आठला हॉलवर. जान्हवी मोराला पिसं भरत होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने बघितलं आणि हातातली चाळणी खाली ठेवली.

"कोणी सांगितलं?"

"कुणी का सांगेना. नियम काय आहे आपला?"

"काका, प्लीज. उद्या उद्घाटन आहे."

"एक चौकट, एक हात. आता दोनच रस्ते. एक तर मी ही बाद करतो, नाहीतर खाली तुझं नाव येतं."

"असं नका ना करू. कपाळ, नाक, डोळे सगळं तुमचं आहे."

"नाक-डोळे जयवंताचे आहेत."

ती रडायला लागली. म्हणाली, "मला तुमची चूक काढायची नव्हती. लोक हसले असते, काका. मला नसतं सहन झालं. बाबांवर हसले असते ते सोडा, तुमच्यावर हसले असते." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की तिने भरलेले केस उत्तम आहेत असं सगळे म्हणतात, मला मेल्याला ते दिसत नाहीत एवढंच. मग ती रडता रडता हसली.

माझं नाव मी स्वतः झाकलं. खालच्या रंगाची पूड तिच्याकडून मागून घेतली, कारण ती कुठली हे मला सांगता येत नव्हतं. त्यावर पुडीने घातलं, जान्हवी परब. मधल्या चौकटीत सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा दुसरं नाव.

आणि मग मी सत्काराच्या कोपऱ्याकडे गेलो. भिंतीवर बॅनर, बॅनरवर माझा फोटो, खाली गालिचा आणि ती खुर्ची. मी गालिचा गुंडाळला, खुर्ची उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली. सगळे धावत आले. "मेस्त्रीकाका, पाहुणे कुठे उभे राहणार? सत्कार कुठे करायचा?" मी म्हटलं, उभं राहायला मुंबईत जागा कमी आहे काय? ही फरशी मला हवीय.

"पण काका, रंग..." सई म्हणाली आणि जीभ चावली. म्हणजे तिलाही कळलेलं.

"रंग नको मला."

जान्हवीला हाक मारली. दोन डबे पुढे केले. "यातला काळा कुठला, सांग." तिने डाव्या डब्यावर बोट ठेवलं. चाळणी तिने उचलली होती, ती मी तिच्या हातातून घेतली. विचारलं म्हणजे दुसरा हात लागला असं होत नाही. जमीन मी स्वतः चाळली, सगळी काळी, चार बाय तीन. आणि वर फक्त पांढरं. दाट टाकलं की उजेड, विरळ टाकलं की सावली, आणि नाही टाकलं की अंधार. यात ओळखायचं काही नाही. चिमटीतून किती सुटतंय ते बोटांना कळतं, आणि बोटांना अजून मोतीबिंदू झालेला नाही.

मालन दुपारी डबा घेऊन आली. माझ्या डोक्यावरून बराच वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, "हयसर दाट झाला. चिमटी उघडी धरा जरा." पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा रांगोळीत मी तिचं ऐकलं. बरोबर होतं तिचं.

फोटो मी समोर घेतला नव्हता. निवृत्तीच्या दिवशीचा तो साहेब मला नको होता.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काल बोटं पेन धरेनात, म्हणून आज लिहितो.

काल पहाटे अभ्यंगस्नान उरकून सातला हॉलवर गेलो, आणि उद्घाटनाचे पाच वाजले तेव्हा माझं चित्र पुरं व्हायचं होतं. पाहुणे आले, चित्रकलेचे निवृत्त सर. फीत कापली, नारळ फोडला, मधल्या चौकटीपाशी थांबून त्यांनी जान्हवीचं कौतुक केलं. मी कोपऱ्यात गुडघ्यांवर होतो, हात कोपरापर्यंत पांढरे. माइकवर माझं नाव पुकारलं. मी उठलो नाही. परत पुकारलं. मग सगळी वरातच माझ्याकडे आली. सरांनी शाल उलगडली आणि आपल्याकडे उलगडतात तशी झटकायला हात वर नेले.

मी ओरडलो, "झटकू नका! चित्र उडेल!"

सर शाल हातात धरून तसेच उभे. पाठीमागून कुणीतरी फोटो काढला. तेवढ्यात मालन गर्दीतून पुढे आली, सरांना नमस्कार केला, त्यांच्या हातातून शाल घेतली, तिची चौपदरी घडी घातली आणि खाली बसून माझ्या पायाशी सरकवली. "फरशेर हाडां मोडतली. घेवा गुडघ्याखाली." मी घेतली. खरंच बरं वाटलं. दोन दिवसांत कुणी मला इतकी उपयोगाची वस्तू दिली नव्हती. सरांनी हातातलं मानपत्र मालनकडे दिलं, बूट काढले आणि माझ्याजवळ फरशीवर मांडी घालून बसले. त्यांना बघून बाकीचेही बसले.

अर्ध्या तासात चेहरा पुरा झाला. हसणारा जयवंत, मान मागे टाकून, तोंड उघडं. मी पुडी हातात घेतली तेव्हा जान्हवी वाकून कानाशी हळूच म्हणाली, "काका, वरचा एक दात राहिलाय भरायचा. तिथे काळंच दिसतंय." मागे कुजबुज झाली, दिसलं नसेल त्यांना, असं कुणीतरी म्हणालं.

"राहिला नाही," मी म्हटलं. "तो तेव्हा नव्हताच."

तिला कळायला जरा वेळ लागला. तेव्हा ती तीन वर्षांची होती. वर्षभरात जयवंताने दात बसवून घेतला, तिने बाप पाहिला तो पुऱ्या दातांचा. तिने आधी वर पंख्याच्या बटणाकडे पाहिलं, चिकटपट्टीकडे, मग खाली. आणि तोंडावर हात धरून तिथेच फरशीवर बसली. मी म्हटलं, "तुझा बाबा तू काढलास, तो चांगलाच आहे. हा माझा मित्र आहे." मग कोपऱ्यात नाव घातलं. राजाराम मेस्त्री.

आज शाल मालनने गच्चीवर नेऊन झटकली. पांढरं बरंचसं गेलं, गुडघ्यांच्या दोन खुणा राहिल्या. धुवायची नाही असं मी सांगितलंय. मानपत्र टेबलावर पडलंय, वाचलेलं नाही. अक्षरं फार बारीक छापलीत. मालन म्हणते, चांगली मोठी आहेत. चार नोव्हेंबरनंतर बघू कोण खरं बोलतंय.